मागणी नाही, सबब प्रस्ताव रद्द

बंगळुरूला बदली होऊन आलेला मराठी माणूस बसवनगुडी भागात फिरावयास गेला, की बुल टेंपल रस्त्यावरील एका पाटीपाशी त्याची पावले थोडी थबकतात. पाटीवर नाव असते ‘गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेशी तिचा काही संबंध नाही. संबंध आहे तो गोपाळ कृष्ण गोखले या नावाशी. कोकणात कोतळूक येथे जन्मलेल्या आणि पुण्यात कार्य केलेल्या एका नेत्याचे नाव कन्नड माणसांनी आपल्या सार्वजनिक कार्याच्या संस्थेला का द्यावे, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मला माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीचे उत्तर मिळाले. म्हणून हा लेख.

ही संस्था १९४५ साली डी. व्ही. गुंडप्पा यांनी उभी केली. कर्नाटकात ते ‘डीव्हीजी’ या नावाने ओळखले जातात. कोलार जिल्ह्यातील मुळबागल हे त्यांचे जन्मगाव आणि १८८७ हे जन्मसाल. औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्याही पलीकडे गेले नाही, परंतु संस्कृत, इंग्रजी आणि कन्नड या तिन्ही भाषांत त्यांचे वाचन अफाट होते. पत्रकार म्हणून त्यांनी म्हैसूर संस्थानच्या कारभारावर लिहिले, संस्थानच्या विधानपरिषदेत काम केले, आणि १९४३ साली ‘मंकुतिम्मन कग्ग’ हे चौपद्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आजही कर्नाटकातील अनेक घरांतून ते वाचले जाते. गीतेवरील त्यांच्या विवेचनाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे एका बाजूला जीवनाच्या अर्थाचे चिंतन आणि दुसऱ्या बाजूला अंदाजपत्रक, राज्यघटना व नगरपालिका यांचा अभ्यास. ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. गोखल्यांचे चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिले, कारण सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे हा गोखल्यांचा आग्रह त्यांना सर्वात मोलाचा वाटला. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करताना हाच हेतू सांगितला होता. त्यात पूजापाठ अभिप्रेत नव्हता. स्वतःच्या लाभाचा विचार बाजूला ठेवून, अभ्यास करून, मगच बोलावे, ही शिस्त अभिप्रेत होती.

या शिस्तीचा सर्वात कठीण प्रयोग म्हणजे गोखल्यांचे प्राथमिक शिक्षण विधेयक. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

१९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरता सुमारे ६ टक्के होती. गोखल्यांनी मार्च १९१० मध्ये मध्यवर्ती कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी प्रत्यक्ष विधेयक आणले. आजच्या दृष्टीने पाहिले तर ते विधेयक अतिशय सौम्य होते. जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच सक्ती लागू करावयाची. ती सरकारने करावयाची नाही, तर नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने करावयाची, आणि तीही सरकारची पूर्वपरवानगी घेऊन. सक्ती फक्त ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांना. मुलींसाठी पुढे, परिस्थिती पाहून. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न १० रुपयांहून कमी, त्याला फी माफ. स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा. इंग्लंडने १८७० आणि १८७६ साली केलेल्या कायद्यांचा नमुना त्यांनी समोर ठेवला होता, आणि जपान, सिलोन, फिलिपाइन्स व बडोदे यांची उदाहरणे दिली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ पासून अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. एक संस्थान जे करू शकते ते साम्राज्य का करू शकत नाही, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

शिक्षण खात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर यांनी सरकारची बाजू मांडली. त्यांचे आक्षेप कोणाही अधिकाऱ्याला ओळखीचे वाटतील. प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत; पैसा नाही; स्वेच्छेने होणारा विस्तार अजून पुरेसा झालेला नाही; आणि लोकांमधून सक्तीची मागणी नाही. कौन्सिलातील काही हिंदी सभासदही विरोधात होते. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा होऊन ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. पराभव होणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. आमच्या पिढीने देशाची सेवा अपयशातूनच करावयाची आहे, यशातून सेवा करणारे पुढे येतील, अशा आशयाचे त्यांचे समारोपाचे बोलणे प्रसिद्ध आहे.

आता माझी हकीकत. १९९९ साली मी नोकरीत तसा नवा होतो आणि दुसऱ्या एका शहरात नेमणुकीवर होतो. तेथे एका मोठ्या सरकारी बांधकामावर मजुरांची वस्ती होती. एका कनिष्ठ सहकाऱ्याने प्रस्ताव पाठविला, की मजुरांच्या चाळीसएक मुलांसाठी एक पत्र्याची शेड आणि एक शिक्षक यांची व्यवस्था बांधकामाच्या खर्चातून करावी. मी जागेवर गेलो. दहाबारा आईबापांना विचारले, शाळा काढली तर मुले पाठवाल का? बहुतेक गप्प राहिले. एकजण म्हणाला, “साहेब, आमचं काय, आज इथं तर उद्या तिथं. लहानग्याला मग कोण सांभाळणार?” मी परत आलो आणि टिपणी लिहिली. तिचा सारांश असा, की लाभार्थींकडून अशी मागणी आढळून येत नाही, सबब प्रस्ताव विचारात घेण्याची आवश्यकता नाही. वरिष्ठांनी सही केली. फाईल बंद झाली. अर्थशास्त्राचा एम.ए. असल्याने ‘मागणी’ हा शब्द मी मोठ्या आत्मविश्वासाने वापरला होता.

अनेक वर्षांनी बटलर यांचा युक्तिवाद वाचताना मला माझी टिपणी आठवली आणि मी अस्वस्थ झालो. ते साम्राज्याचे प्रतिनिधी होते, मी स्वतंत्र देशाचा नोकर. परंतु दोघांचे वाक्य एकच होते.

या वाक्याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले होते, आणि तेही अर्थशास्त्राच्याच पुस्तकात. जॉन स्टुअर्ट मिल यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ १८४८ साली प्रसिद्ध झाला. सरकारने बाजारात हस्तक्षेप करू नये, हा त्यातील सर्वसाधारण नियम. पण त्याला त्यांनी जे अपवाद सांगितले त्यांत शिक्षण ठळकपणे येते. कापड चांगले की वाईट हे ग्राहकाला वापरून कळते. शिक्षणाचे तसे नाही. ज्याला ते मिळालेले नाही, त्याला आपण कशाला मुकलो हे कळणे अवघड. आणि ज्याला त्याची गरज सर्वाधिक, त्याच्याकडून मागणी सर्वात कमी येते. म्हणून मागणीचा अभाव हा गरज नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. एम.ए.च्या वर्षांत मिलची मूल्यविषयक मते मी परीक्षेपुरती पाठ केली होती. हा भाग कधी उघडला नव्हता.

पुढे १८५९ साली स्वातंत्र्यावरील निबंधात मिलने आणखी एक मेख मारली. प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे अशी सक्ती राज्याने पालकांवर करावी, गरिबाला फीसाठी मदत करावी. मात्र सर्व शाळा राज्याने आपल्या मुठीत ठेवू नयेत, कारण मग सगळी माणसे एकाच साच्यातून निघतील. गोखल्यांच्या विधेयकात सक्तीचा अधिकार स्थानिक संस्थेकडे दिलेला होता. त्याची जातकुळी या विचाराशी जुळते, असे माझे मत आहे.

प्रशासनातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवितो. मिल हे स्वतः फाईल लिहिणारे अधिकारी होते. १८२३ ते १८५८ ही पस्तीस वर्षे त्यांनी लंडनच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये नोकरी केली. मेकॉले यांच्या १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणीवर प्रतिकूल मत देणारा खलिता त्यांनी १८३६ साली तयार केला होता. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष हॉबहाऊस यांनी तो नामंजूर केला. पण याच मिलने आपले स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असेही लिहून ठेवले होते. आमच्या पूर्वजांचे मोठेपण असे, की त्यांनी हा अपवाद नाकारला आणि तत्त्व उचलले. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोखल्यांकडे होती.

तत्त्वज्ञान फक्त कॉलेजातूनच आले असे मात्र नाही. महात्मा फुले यांनी टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले होते. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो धर्माच्या क्षेत्रात. पण त्याच विचारातून १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सरकारचा महसूल शेतकरी भरतो आणि त्यातून उच्चवर्गीयांचे उच्च शिक्षण चालते, हे त्यांचे गणित आजही वित्त विभागाने वाचण्यासारखे आहे. अर्थात, मागणी नाही हे बटलर यांचे विधान वस्तुस्थिती म्हणूनही खरे नव्हते. मागणी तीस वर्षांपूर्वीच नोंदविली गेली होती. ऐकणारे कान नव्हते.

विधेयक पडले, पण विचार पडला नाही. १९१३ साली म्हैसूर संस्थानाने प्राथमिक शिक्षणाचा स्वतःचा कायदा करून निवडक भागांत सक्ती आणली. त्या वेळी दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली इंजिनियर झालेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत रानडे-गोखल्यांच्या सहवासात आलेले. बसवनगुडीतील पाटीचे कोडे मला येथे उलगडले. पुण्याचा तो विचार बंगळुरूला नवखा नव्हताच. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, १९१८ साली मुंबई इलाख्याने कायदा केला. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली, तेव्हा वयोमर्यादा चौदा का, याचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास आपण बंदी करीत आहोत; मग ते मूल शाळेतच असले पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांचे शिष्य असलेल्या आंबेडकरांचे हे उत्तर दोन वाक्यांचे आहे, पण त्यात मूल ही मजुरी नव्हे, माणूस आहे, ही संपूर्ण भूमिका आहे. घटनेने १९६० पर्यंतची मुदत घातली होती. ती उलटली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकानंतर ९९ वर्षांनी.

हक्क आणि मागणी यांतील फरक तो हाच. मागणी पुरविणे ऐच्छिक असते. हक्कापुढे अधिकाऱ्याला कारण द्यावे लागते. हा फरक तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो फाईलच्या शेवटच्या ओळीत उतरतो. ‘आम्ही व्यवहारी माणसे, तत्त्वज्ञानाशी आमचा काय संबंध’ असे आपण म्हणतो, तेव्हाही कोणाचे तरी तत्त्वज्ञान आपण नकळत राबवीत असतो. मी त्या दिवशी राबविले ते बाजाराचे होते, आणि तेही अर्धवट वाचलेले.

धर्माच्या बाबतीतही हेच घडले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांची मते समोर घेऊन गीतेचा कर्मयोग मांडला. डीव्हीजींनी गीतेला जीवनधर्मयोग म्हटले. टिळक आणि गोखले यांचे राजकारण भिन्न, पण धर्मग्रंथ हा संसारातील कर्तव्याचा विचार करण्यासाठी वाचावयाचा, ही दृष्टी टिळक आणि डीव्हीजी या दोघांत समान आहे. परकीय विचाराशी वाद घालताना आपला विचार अधिक स्वच्छ होतो, हे दोघांनी दाखविले.

आणि सार्वजनिक चर्चेचे म्हणाल, तर मला गोखले व बटलर यांच्या वादात सर्वात अधिक भावते ती गोष्ट ही, की गोखल्यांनी प्रत्येक आक्षेप आधी नीट मांडला आणि मग त्याला आकडे व तत्त्व घेऊन उत्तर दिले. ते हरले, तरी त्यांचे उत्तर दप्तरात राहिले आणि पुढच्यांच्या उपयोगी पडले. हरलेल्या बाजूची चांगली टिपणी हीसुद्धा राष्ट्राची संपत्ती असते.

आज बंगळुरूच्या कडेला उंच इमारती उठत आहेत. रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून आलेली कुटुंबे तेथे निळ्या ताडपत्रीखाली राहतात. सकाळी कार्यालयात जाताना गाडी सिग्नलला थांबते तेव्हा वाळूच्या ढिगावर खेळणारी मुले दिसतात. १९९९ सालातील ती चाळीस मुले आता पस्तिशीच्या आसपास असतील. त्यांतले कोणी आपल्या मुलांना घेऊन अशाच एखाद्या बांधकामावर आले असेल का, हा विचार मनातून जात नाही.

त्या मजुराचे वाक्यही मी तेव्हा नीट ऐकले नव्हते. शाळा नको असे तो म्हणाला नव्हता. आपण उद्या दुसरीकडे जाऊ आणि लहान भावंडाला सांभाळायला कोणी नसेल, हे त्याने सांगितले होते. म्हणजे पाळणाघर हवे आणि गावोगाव चालेल असा दाखला हवा, हे दोन प्रस्ताव त्याने मला तोंडी दिले होते. मी त्यांची नोंद केली ती ‘मागणी नाही’ अशी.

नव्याने नोकरीत येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी लेखणी थोडी थांबवावी, आणि आपण प्रश्न कोणता विचारला होता, तो कोणाला विचारला होता, व उत्तर काय मिळाले होते, हे टिपणीत आधी लिहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच शेवटची ओळ बदलते.