गो (इंग्रजी क्रियापद)

जाणे, निघणे, चालणे या अर्थांचे इंग्रजीतील अतिशय रूढ क्रियापद. रूपे : गो, वेन्ट (भूतकाळ), गॉन (धातुसाधित). प्राचीन इंग्रजीतील ‘गान’पासून ते आले. जर्मन व डच भाषांतील याच अर्थाची क्रियापदे त्याची सख्खी भावंडे होत.

नवलाची गोष्ट आहे ती भूतकाळाची. शाळेत मुले पाठ करतात ते ‘वेन्ट’ मुळात ‘गो’चे रूपच नव्हे. ते ‘वेन्ड’ या निराळ्या क्रियापदाचे. सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट यांच्या चालीवर झालेले. वेन्ड म्हणजे वळणे, वळवणे. एखाद्या दिशेला वळणे यावरून तिकडे जाणे हा अर्थ आला. ‘गान’चा जुना भूतकाळ ‘एओदे’ हाही दुसऱ्याच धातूचा होता. १५ व्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ने त्याला हटवले. भूतकाळ असा हातचा गेल्यावर ‘वेन्ड’ला ‘वेन्डेड’ हे नवे रूप घ्यावे लागले. स्कॉट्स भाषेने मात्र मूळ धातूवरूनच ‘गेड’ बनवले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपला ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेला’ हा ‘गम्’च्या ‘गत’पासून आलेला. संस्कृत व्याकरणात अशा बदलाला आदेश म्हणतात. याहून सुंदर दुवा असा, की ‘गम्’ आणि इंग्रजी ‘कम’ यांचे मूळ एकच. एकाच प्राचीन धातूने इंग्रजीत येणे आणि मराठीत गेलेले दाखवावे, हे भाषाकुळाच्या अभ्यासातील मोठे लोभस उदाहरण आहे.

अर्थविस्तार : वेळ किंवा पैसा सरणे, यंत्र चालणे, रस्ता कुठे पोहोचणे, प्राण्याने आवाज करणे. बोलीत ‘म्हणाला’ या अर्थीही ते येते. ‘होणे’ या अर्थी त्याचा कल बहुधा बिघाडाकडे असतो : दूध आंबट होते, माणूस आंधळा होतो तिथे ‘गो’, स्वप्न खरे होते तिथे ‘कम’. ‘गोइंग टू’ हा प्रयोग आधी प्रत्यक्ष जाण्याचा होता. काही करायला निघालेला माणूस ते करणारच, या ओघात त्यातली वाटचाल पुसली आणि १७ व्या शतकात तो भविष्यकाळाचे चिन्ह म्हणून रुळला. बोलण्यात त्याचे ‘गना’ होते. ‘पूर्वी’ या अर्थाचा ‘अगो’ हा शब्दही याच धातूचा, मूळ अर्थ ‘निघून गेलेला’.