कपाळावरचा डाग : कुंकू, सुगंध आणि त्वचेची ॲलर्जी

कुंकू लावण्याच्या जागीच काळसर-राखाडी डाग उमटला, तर त्याचा दोष उन्हाला दिला जातो, वयाला दिला जातो, अंगातल्या उष्णतेलाही दिला जातो. कुंकवावर संशय घेणे जड जाते. सौभाग्याची खूण रोगाचे कारण कशी ठरेल? वैद्यकशास्त्रातही या प्रश्नाची एक महत्त्वाची उकल देशाबाहेरून आली. #थ्रेड

मूळ कुंकू हळदीचे. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य अल्कलीच्या संयोगाने लाल होते, या साध्या रसायनावर हा सारा धंदा उभा राहिला. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव त्यासाठीच ओळखले जाते. कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवायचे आणि त्यावर करंड्यातले कुंकू बसवायचे, ही जुनी रीत. पुढे हळदीच्या जागी स्वस्त कृत्रिम रंग आले, जोडीला सुगंधी तेले आली. (हळदीनेही काहींना ॲलर्जी होते, ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असे नाही.)

अशा डागांचे वर्णन व्हिएन्नातील रील या त्वचारोगतज्ज्ञाने १९१७ मध्ये केले होते. जपानमध्ये सौंदर्यप्रसाधने वापरणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर असेच डाग मोठ्या प्रमाणावर दिसू लागले, तेव्हा १९७०च्या दशकात तेथील डॉक्टरांनी पॅच टेस्टच्या आधारे गुन्हेगार शोधले. ही चाचणी याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली होती. संशयित द्रव्य पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवायचे, मग त्वचा काय म्हणते ते पाहायचे. सापडलेल्या द्रव्यांत ‘ब्रिलियंट लेक रेड आर’ हा लाल रंग होता. जाई-चमेलीचा अर्क, कनंगा तेल, बेंझिल सॅलिसिलेट अशी सुगंधद्रव्येही होती. या विकारात खाज वा लाली पुष्कळदा नाममात्रच असते. रंगकण त्वचेच्या खालच्या थरात उतरतात आणि डाग महिनोन्‌महिने टिकतो. म्हणूनच कारण आणि परिणाम यांची सांगड घरच्या घरी लागत नाही. १९७७ पासून जपानमधील मोठ्या कंपन्यांनी तीव्र ॲलर्जीकारक द्रव्ये वगळण्यास सुरुवात केली.

१९८६ मध्ये गोह आणि कोझुका यांनी सिंगापुरातून कुंकवामुळे होणाऱ्या अशाच डागांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कुंकवातील ॲलर्जीकारक द्रव्ये म्हणून पुढे जी नावे नोंदली गेली, त्यांत तोच लाल रंग, सुदान-१ आणि तेच कनंगा तेल आहे. २००७ मध्ये पाँडिचेरीतून ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

दरम्यान टिकली आली. तिने रंगाचा प्रश्न टाळला, पण डिंकाचा निर्माण केला. तिच्या चिकटद्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल त्वचेचा रंगच घालवते, हे १९९० मध्ये बजाज आणि सहकाऱ्यांनी दाखवले. येथे डाग पांढरा. आणि पांढरा डाग म्हणजे कोड, अशी समजूत असलेल्या समाजात त्याची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको.

पुणे परिसराला स्पर्शजन्य ॲलर्जी नवी नाही. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलेले काँग्रेस गवत पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील मोकळ्या भूखंडांवर आजही माजते, आणि भारतीय पॅच टेस्टच्या संचात त्याला सुगंधद्रव्यांच्या मिश्रणाशेजारीच जागा मिळाली आहे. गवत मात्र उपटून टाकता येते.

युरोपीय संघात २००५ पासून प्रसाधनांच्या वेष्टनावर २६ सुगंधद्रव्ये नावानिशी छापावी लागू लागली. आपल्याकडे देवळाबाहेर सुट्या विकल्या जाणाऱ्या कुंकवाच्या ढिगाला वेष्टनच नसते.

उपचाराची पहिली पायरी कागदावर सोपी आहे : कुंकू बंद करणे. परंतु मोकळ्या कपाळाचा अर्थ समाजाने आधीच ठरवून ठेवला आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. त्या ठरावात प्रश्न विधवेच्या कपाळाचा होता. डॉक्टरांनी कुंकू बंद करायला सांगितलेली सवाष्ण अजूनही हळदीकुंकवाच्या समारंभात पुढे आलेल्या बोटाला काय सांगावे, या विचारात असते.