बर्फ पडला, रस्ता उघडला

साल १८८५. जानेवारीतली सकाळ. तुम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एका शेतघराच्या अंगणात उभे आहात. रात्रभर बर्फ पडलाय. आता इथेच अडकलो, असं तुमच्या मनात येतं. घरातली माणसं मात्र खुशीत आहेत. त्यांच्या प्रवासाचे दिवस आता सुरू होतात.

रस्त्यावरून घोडे एक अजस्र लाकडी रूळ ओढत नेतायत. इथे बर्फ खरवडून काढत नाहीत, दाबून घट्ट करतात. चाकांना छळणारे सगळे खड्डे त्याखाली बुजलेत.

कोठारातून ‘कटर’ बाहेर येतो: एका घोड्याचा, दोघांपुरता हलका स्ले, म्हणजे बर्फावरून घसरणारी बिनचाकी गाडी. वाकवलेल्या सडपातळ लाकडाच्या दोन लांब पट्ट्या, खाली लोखंडी धाव. फुगीर बाजूंचा ‘अल्बनी कटर’ जेम्स गूल्ड यांच्या कारखान्याने गाजवला. हा सरळ बाजूंचा ‘पोर्टलंड कटर’, मेन राज्यातल्या किंबॉल घराण्याच्या घडणीचा. त्याच्या दांड्या नीट पाहा. त्या मुद्दाम एका बाजूला सरकवल्यात. त्यामुळे रूळ न फिरलेल्या वाटेवरही घोडा आधीच्या स्लेंनी पाडलेल्या चाकोरीतून चालतो, मधल्या भुसभुशीत बर्फात रुतत नाही.

तुम्ही चढून बसता. मांडीवर बायसनचं केसाळ कातडं येतं, पायांखाली चुलीवर तापवलेला शंखजिऱ्याचा दगड. लगाम हलतो आणि गाडी निसटते. ना खडखड, ना धक्का. गालांना वारा झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं आणि तरीही तुम्हाला आणखी वेग हवा असतो.

घोड्याच्या अंगावरची घुंगरमाळ नुसती हौसेची नाही. दाबलेल्या बर्फावर स्ले आवाज न करता येतो. वळणापलीकडच्याला सावध करायला घुंगरंच हवीत. काही ठिकाणी तर तसा कायदाच आहे.

पुढे नदीवर छपराचा लाकडी पूल लागतो. छपराखाली बर्फ पडत नाही आणि कोरड्या फळ्यांवर धाव घासून अडते. म्हणून गावाने फावड्यांनी बर्फ आत आणून पसरलाय. तुम्ही न थांबता पार होता.

वसंतात हाच रस्ता वितळून चिखल होईल, चाकं तुंब्यापर्यंत रुततील. म्हणून लाकडाची वाहतूक, नातलगांच्या भेटी, तरुणांच्या शर्यती, सगळं आत्ताच उरकायचं. या लोकांनी हिवाळा सोसला नाही. त्याला कामाला जुंपलं.