सौंदर्य शस्त्रक्रियेतील संशोधन : निधी

सौंदर्य शस्त्रक्रियेतील साधने आणि पद्धती सुरक्षित व परिणामकारक आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी होणारी पैशाची तरतूद. हा पैसा मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो : इम्प्लांट, फिलर, बोटॉक्स यांसारखी उत्पादने विकणाऱ्या कंपन्या, प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांचे न्यास आणि सरकार. या शस्त्रक्रिया बहुधा स्वेच्छेने व स्वखर्चाने होत असल्याने सरकारी अनुदानात त्यांना अग्रक्रम मिळत नाही आणि संशोधनाचा बराचसा भार विक्रेत्यांवर येतो. अमेरिकेतील सिलिकॉन जेलच्या स्तन-इम्प्लांटच्या इतिहासात या व्यवस्थेचे गुणदोष स्पष्ट दिसतात.

आधी विक्री, मग अभ्यास : १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी डाउ कॉर्निंग कंपनीचे जेल-इम्प्लांट प्रथम बसवले. वैद्यकीय साधनांच्या नियमनाचा व्यापक कायदा १९७६ मध्ये आला. तोवर विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे दीर्घकालीन अभ्यासावर खर्च करण्याची निकडही कोणाला भासली नाही. पुरावा अपुरा असल्याने १९९२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) या इम्प्लांटचा निव्वळ सौंदर्यासाठीचा सर्रास वापर थांबवला. इम्प्लांटमुळे आजार जडल्याचा आरोप करणाऱ्या खटल्यांच्या ओझ्याखाली १९९५ मध्ये डाउ कॉर्निंगने दिवाळखोरीचा अर्ज केला.

निधी आणि विश्वास : १९९४ मध्ये मेयो क्लिनिकने इम्प्लांट असलेल्या ७४९ स्त्रियांची इतर १,४९८ स्त्रियांशी तुलना केली. संयोजी ऊतींचे विकार इम्प्लांटमुळे वाढल्याचे तीत आढळले नाही. सरकारी अनुदानाबरोबर सर्जनांच्या न्यासानेही या अभ्यासाला पैसा दिला होता. त्यामुळे निष्कर्षाइतकीच निधीचीही चर्चा झाली. १९९९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सर्व पुरावा तपासून तोच निष्कर्ष काढला, पण इम्प्लांट फुटणे, भोवतीचे आवरण आकसणे व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे धोकेही ठळकपणे नोंदवले. हितसंबंधी पैशामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र तो पटण्यासाठी त्रयस्थ पडताळणी लागते.

सक्तीचा अभ्यास : २००६ मध्ये ॲलर्गन व मेंटॉर यांच्या जेल-इम्प्लांटला मंजुरी देताना एफडीएने प्रत्येक कंपनीला सुमारे ४०,००० स्त्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा करण्याची अट घातली. खर्च कंपन्यांचाच होता. २०११ च्या आढाव्यात मात्र ॲलर्गनचा दोन वर्षांचा पाठपुरावा सुमारे ६० टक्के, तर मेंटॉरचा तीन वर्षांचा सुमारे २१ टक्केच भरला. निम्म्याहून अधिक स्त्रिया नजरेआड झाल्या, तर विरळा आढळणारा धोका अशा अभ्यासात दिसणे कठीण होते.

नोंदवह्या : इम्प्लांटशी निगडित लिम्फोमा या कर्करोगाबाबत एफडीएने २०११ मध्ये इशारा दिला. २०१९ मध्ये ॲलर्गनने खडबडीत पृष्ठभागाचे ‘बायोसेल’ इम्प्लांट परत मागवले. दरम्यान इम्प्लांट बसवलेल्या स्त्रियांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवर भर वाढला. अमेरिकेत सर्जनांच्या न्यासाने एफडीए व उत्पादकांच्या साथीने २०१८ मध्ये अशी नोंदवही सुरू केली. इंग्लंडमध्ये ती २०१६ पासून सरकारी आरोग्यसेवेने चालवली. नेदरलँड्समध्ये प्रत्येक इम्प्लांटमागे ठरावीक शुल्क घेऊन तिचा खर्च भागवला जातो.

मूल्यमापन : इम्प्लांट शरीरात वर्षानुवर्षे राहते, तर विक्रेत्याच्या दृष्टीने व्यवहार विक्रीपाशी संपतो. म्हणून केवळ त्याच्या पैशावर विसंबलेल्या संशोधनात दूरच्या धोक्यांचे प्रश्न मागे पडतात. उत्पादनावर लहानसे शुल्क आकारून, माहिती मात्र विक्रेत्यापासून स्वतंत्र संस्थेच्या ताब्यात ठेवणे, हा यावरचा सर्वांत न्याय्य मार्ग होय.