देवद्वंद्वाची पायरी : अवेस्त्यापासून आधुनिक कल्पित विश्वांपर्यंत

विसाव्या शतकातील इंग्रजी अद्भुत कथासाहित्यात एक संपूर्ण विश्व कल्पून त्याला स्वतःचे देव, स्वतःची सृष्ट्युत्पत्ती आणि स्वतःचा इतिहास देण्याची प्रथा रूढ झाली. या विश्वांतील देवता बहुधा जोडीने येतात : एक रक्षणाची, दुसरी विध्वंसाची. अशा रचनेला सरसकट ‘द्वैत’ म्हणून मोकळे होण्याची टीकाकारांची रीत आहे. परंतु दोन शक्ती परस्परविरुद्ध आहेत एवढे सांगितल्याने त्या विश्वाविषयी फारच थोडे कळते. ही जोडी विश्वरचनेच्या कोणत्या पायरीवर उभी आहे, तिच्या वर कोणी आहे की नाही, हा खरा प्रश्न होय. कारण दुष्ट शक्ती स्वयंभू आहे की तिचे सामर्थ्य उसने आहे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. हा प्रश्न कादंबरीकारांनी प्रथम उपस्थित केलेला नाही. इराणी धर्माच्या इतिहासात तो फार प्राचीन काळापासून चालत आला असून, त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात घडले.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1843 साली मुंबईत पारशी धर्मावर एक मोठा खंडनपर ग्रंथ प्रसिद्ध केला. द्वैतवादाचा आरोप हे त्यांच्या हाती असलेले एक प्रमुख शस्त्र होते. पुढे 1859 साली जर्मन पंडित मार्टिन हौग हे पुणे कॉलेजात, म्हणजे पुढील डेक्कन कॉलेजात, संस्कृत अध्ययनाचे अधीक्षक म्हणून आले आणि 1862 साली पारशांची पवित्र भाषा, ग्रंथ व धर्म यांवरील त्यांचे निबंध मुंबईत छापले गेले. जरथुष्ट्राच्या मूळ गाथांत अंग्र मइन्यूचा प्रतिस्पर्धी अहुर मज्द नसून स्पेंत मइन्यु आहे. हे दोन्ही ‘मइन्यु’ एकाच अहुर मज्दाच्या कक्षेत येतात. म्हणून जरथुष्ट्राचा ईश्वरविचार एकेश्वरी असून द्वैत केवळ त्याच्या तत्त्वज्ञानात आहे, असे हौग यांचे प्रतिपादन होते. मुंबईतील सुधारणावादी पारशांनी त्याचे स्वागत केले, यात नवल नाही. विल्सनकृत आरोपाने व्यथित झालेल्या समाजाला येथे त्याच्याच ग्रंथांतून उत्तर मिळाले होते.

हौग यांच्या मताला भाषेचा आधार आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्पेंत मइन्यु आणि अंग्र मइन्यु या दोन नावांत नाम एकच आहे, विशेषणे तेवढी निराळी. हे नाम संस्कृत ‘मन्यु’ शब्दाचे सगोत्र होय. यस्न 30 मधील प्रसिद्ध गाथेत या दोघांना जुळे म्हटले आहे आणि तेथील शब्द संस्कृत ‘यम’ या शब्दाशी निगडित आहे. तेव्हा जोडीची घडण व्याकरणातच दिसते : ती सम आहे, आणि अहुर मज्द हे नाव त्या घडणीच्या बाहेर आहे. पहलवी काळात मात्र ओह्रमज्द आणि अह्रिमन अशी जोडी होते. यांपैकी पहिले नाव ‘अहुर मज्द’चे अपभ्रष्ट रूप आणि दुसरे ‘अंग्र मइन्यु’चे. स्पेंत मइन्यु ओह्रमज्दात विलीन झाला आणि त्याची रिकामी जागा स्वामीलाच भरावी लागली. अर्थात् अंग्र मइन्यु एका पायरीने वर चढला. नावे झिजून ओळखू येईनाशी झाल्यामुळे हे स्थलांतर कोणाच्या लक्षात येण्याचे कारण उरले नाही. मेरी बॉइस यांच्यासारख्या विदुषीने हौग यांचा अर्थ नाकारला असून गाथांतही खरा विरोध अहुर मज्द व अंग्र मइन्यु यांच्यातच आहे, असे मानले आहे. वाद मिटलेला नाही. तथापि नावांची सम-विषमता हा पुरावा हौग यांच्या बाजूला झुकतो, असे म्हणावे लागते.

एकदा वरच्या पायरीवर जोडी जमली की खालच्या पायऱ्यांवरही जोड्या लावण्याची हाव सुटते. अवेस्त्यातील जम्याद यश्ताच्या अखेरीस भावी युद्धाचे वर्णन आहे. तेथे वोहु मनह हा अक मनहाला, म्हणजे सन्मन दुर्मनाला जिंकतो. हउर्वतात् आणि अमेरेतात्, म्हणजे समग्रता व अमरता, या भूक आणि तहान यांना जिंकतात. हा विरोध स्वाभाविक आहे, शब्दाशब्दाने सिद्ध होणारा आहे. मुख्यतः इसवी सनाच्या नवव्या शतकात आजचे रूप पावलेल्या ‘बुंदहिश्न’ या पहलवी ग्रंथात मात्र सहा अमेश स्पेंतांसमोर सहा दैत्य हारीने उभे केलेले आढळतात आणि त्यांत इंद्र, सउर्व म्हणजे शर्व, व नाओंघइथ्य म्हणजे नासत्य असे तीन वैदिक देव आहेत. इंद्र अर्दवहिश्ताच्या, म्हणजे ‘अश’ अथवा ऋत याच्या विरोधात, शर्व राजसत्तेच्या, नासत्य स्पेंत आर्मइतीच्या. ही योजना अर्थापेक्षा संख्येच्या सोयीने झालेली दिसते. नासत्यांचे उदाहरण तर बोलके आहे. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील मितानी करारात मित्र, वरुण व इंद्र यांच्यासह साक्षीला बोलावलेले हे देव वेदांत जुळे आहेत. अवेस्त्यात त्यांचे नाव एकवचनी झाले आहे, आणि पुढे तक्त्यातील एका रकान्यात एकच दैत्य मावला. जुळ्यांना जोडीतून काढून एकटे केले ते दुसऱ्या जोडीत बसविण्यासाठी!

भारतीय बाजूस भाषेने याहून धीट काम केले. ऋग्वेदाच्या प्राचीन भागात ‘असुर’ हे वरुणादि देवांचे गौरवपर विशेषण आहे. पुढे शब्दाचा अर्थ पालटला आणि त्यातील ‘अ’ हा नकारार्थी उपसर्ग समजला गेला. मग जो ‘सुर’ नाही तो असुर, अशी व्युत्पत्ती होऊन पूर्वी अस्तित्वातच नसलेला ‘सुर’ हा देववाचक शब्द जन्मास आला. येथे प्रतिपक्षाच्या नावातून पक्षाचे नाव निघाले.

दोन मूलतत्त्वे खरोखर समबल मानली की विचारवंताला त्यांच्यामागे तिसरे काहीतरी हवे असते. पाचव्या शतकातील आर्मेनियन लेखक एझ्निक याने नोंदविलेली झुर्वानाची कथा या गरजेचे उत्तम निदर्शन आहे. काळस्वरूप झुर्वान पुत्रप्राप्तीसाठी एक हजार वर्षे यज्ञ करतो. अखेर त्याच्या मनात संशय येतो. यज्ञातून ओह्रमज्द गर्भात येतो आणि संशयातून अह्रिमन. प्रथम पुढे येईल त्याला राज्य, असे वचन दिल्यामुळे गर्भ फोडून आधी बाहेर पडलेल्या अह्रिमनाला नऊ हजार वर्षांचे राज्य द्यावे लागते. जोडीच्या वर पिता आला खरा, पण दुष्टाचे मूळ आता त्याच्याच मनात जाऊन बसले. एक अडचण सोडविताना कथेने तीहून मोठी अडचण पत्करली आहे.

अद्भुत कथासाहित्यातील दोन परस्परभिन्न रचना या इतिहासाच्या प्रकाशात नीट उकलतात. पोल अँडरसन यांच्या 1953 साली मासिकातून आलेल्या व 1961 साली विस्ताराने प्रसिद्ध झालेल्या कथेत ‘नियम’ आणि ‘अराजक’ असे दोन पक्ष आहेत. मायकेल मूरकॉक यांनी 1961 पासून एलरिकच्या कथांत तेच द्वंद्व विश्वाच्या माथ्यावर नेले. दोन्ही पक्षांचे स्वतंत्र अधिपती आहेत आणि कोणा एकाचा पूर्ण विजय म्हणजे विनाशच : निव्वळ नियम गोठवितो, निव्वळ अराजक वितळवितो. म्हणून दोहोंच्या वर त्यांना ‘विश्वतुला’ कल्पावी लागली. ही तुला झुर्वानाच्या जागी आहे. फरक एवढाच की तिला मन नसल्याने संशयही नाही, आणि प्रार्थना करण्याजोगे मुखही नाही. 1974 साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने नियम व अराजक हे शब्द उचलले. त्याच्या 1978 च्या नियमग्रंथात सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष मिळवून नऊ रकाने केलेले आहेत. बुंदहिश्नकारांची रकानेप्रियता येथे पुन्हा भेटते.

जे. आर. आर. टोल्किन यांची रचना याच्या नेमकी उलट आहे. ते ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या पौराणिक ग्रंथाची, ‘सिल्मारिलियन’ची, सिद्धता मृत्यूनंतर 1977 साली त्यांच्या पुत्राने केली. त्यात सर्वांच्या वर इलुवातार हा एकच आहे. विध्वंसक मेल्कोर हा त्याचा प्रतिस्पर्धी नव्हे. इलुवातारच्या चिंतनात मान्वे आणि मेल्कोर हे भाऊ आहेत. म्हणजे जोडी आहे ती या दोघांची, आणि ती दुसऱ्या पायरीवर आहे. हौग यांनी गाथांत पाहिलेली मांडणी हीच होय. मेल्कोर आद्य संगीतात बेसूर आणतो, पण त्या बेसुराचेही मूळ आपल्यातच आहे, असे इलुवातार त्याला ऐकवितो. झुर्वानाला जे लाजेने मान्य करावे लागले, ते येथे अधिकाराने सांगितले जाते. ही मात्रा सर्वांना लागू पडेल असे नाही. दुःखाचा हिशोब वरच्याकडे गेला तरी तो मिटत नाही. परंतु रचनेत संदिग्धता नाही एवढे खरे.

नावांकडे पाहिले असता टोल्किन यांच्यातील भाषाशास्त्रज्ञ दिसतो. ‘मेल्कोर’ म्हणजे सामर्थ्याने उदय पावणारा. हे नाव स्तुतीचेच आहे, जसे ‘असुर’ हे एकेकाळी होते. पित्याच्या वधानंतर आणि रत्नांच्या चोरीनंतर फेआनोर त्याला ‘मोर्गोथ’, म्हणजे काळा शत्रू, असे नाव देतो आणि त्याचे मूळ नाव त्या लोकांच्या तोंडून कायमचे जाते. मेल्कोर नाव मान्वेशी मेळ खाते. मोर्गोथ नाव कोणाशीच नाही. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या टोल्किन यांच्या उत्तरकालीन टिपणांत हा विचार आणखी पुढे जातो. मेल्कोर आपली शक्ती पृथ्वीच्या द्रव्यात पेरीत गेला आणि स्वतः क्षीण होत गेला. त्यामुळे तो मान्वेच्या तोडीचा उरला नाही, पण पृथ्वी मोडल्यावाचून त्याला उपटून काढणेही मान्वेला शक्य राहिले नाही.