पाठभेदांची जुळणी आणि नळाचे तोंड : एका अवजाराच्या निवडीचा इतिहास

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला सापगावाजवळ भातसा नदी आडवी येते. या नदीचे पाणी पुढे पिसे येथील बंधाऱ्यातून उपसले जाते, पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होते आणि तेथून मुंबईस पोहोचते. याच तालुक्यातील तानसेचे पाणी तर १८९२ पासून मुंबईची वाट चालते आहे. 'पाइपलाइन' हा शब्द या मुलखाला त्यामुळे कधीच परका नव्हता. तो टप्प्याटप्प्यांनी होणाऱ्या प्रवासाचा शब्द आहे : अडवणे, उपसणे, गाळणे, तपासणे, सोडणे. एका टप्प्यावर दोष आढळला तर पाणी पुढे जाऊ नये, अशी त्यामागची व्यवस्था.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी हाच शब्द स्वीकारला तो याच अर्थाने. अनेक जण एकाच प्रणालीवर काम करतात. प्रत्येकाने केलेला बदल मूळ संहितेत दिवसातून अनेकदा मिसळायचा, मिसळताच यंत्राने सारे पुन्हा बांधून तपासायचे, आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरच ते वापरकर्त्यापर्यंत सोडायचे. पहिल्या भागास 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात, दुसऱ्यास 'डिप्लॉयमेंट'. हे काम करणारे अवजार कोणते निवडावे, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे या व्यवसायात वारंवार विचारला गेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो दूरचा वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही, कारण मुळात हा पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरा, त्यांच्या पोटातील लिपीनिहाय शाखा, आणि प्रत्येक शाखेत लेखकूंनी घातलेली भर, असा तो पसारा होता. १२५९ हस्तलिखिते या कामी वापरली गेली. प्रत्येक पाठ दुसऱ्याशी अक्षरशः ताडून पाहावा लागे. वि. सी. सुखटणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, १९४३ मध्ये ते निवर्तले, पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे लागली, कारण शतकानुशतके वेगळ्या वाहत गेलेल्या शाखा एकदम जुळवायच्या होत्या. उशिरा केलेली जुळणी किती महाग पडते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

परंतु या प्रकल्पात दुसराही धडा आहे. ना. बा. उटगीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती प्रसिद्ध केली. हेतू हा की संपादनाची पद्धत विद्वानांपुढे लवकर यावी आणि तिच्यातील उणिवा काम वाढण्याआधीच कळाव्यात. पुढे आदिपर्वही १९२७ ते १९३३ या काळात भागाभागांनी बाहेर पडले. सारे पूर्ण होईपर्यंत दार बंद न ठेवता थोडे थोडे जगापुढे ठेवावे, टीका ऐकावी, मग पुढचे पाऊल टाकावे, हा विवेक पुण्यात तेव्हाच रूढ झाला होता.

सॉफ्टवेअरच्या व्यवसायाला हा विवेक ठेच लागून आला. महिनोन्‌महिने वेगवेगळे लिहिलेले भाग शेवटी जोडू गेले की ते जुळत नसत. ग्रेडी बूच यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हा शब्दप्रयोग केला; केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीवर काम करताना, आणि नंतर १९९९ च्या आपल्या पुस्तकातून, त्याला रोजच्या शिस्तीचे रूप दिले. मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांच्या २००० मधील लेखाने ती शिस्त सर्वदूर पोहोचवली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की येथवर अवजार गौण होते. आधी सवय आली, अवजार मागाहून.

२००१ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीतून 'क्रूझ कंट्रोल' बाहेर पडले. २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधील कोह्सुके कावागुची यांनी 'हडसन' प्रसिद्ध केले. ते मुक्त होते, बसवण्यास सोपे होते, आणि थोड्याच वर्षांत घरोघरी झाले. २०१० मध्ये ऑरॅकलने सन विकत घेतली आणि 'हडसन' या नावावर हक्क सांगितला. संहिता सर्वांची, नाव मात्र एकाचे, असा हा पेच होता. जानेवारी २०११ मध्ये प्रकल्पाच्या मंडळींनी मतदान घेतले. २१४ विरुद्ध १४ मतांनी नवे नाव ठरले, 'जेंकिन्स'. मंडळी नव्या नावामागे गेली. जुने नाव पुढे एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे सोपवले गेले आणि कालांतराने ते काम थांबले. ज्यांनी आपल्या कामाची घडी 'हडसन'वर बसवली होती त्यांना स्थलांतर करता आले, कारण संहिता मुक्त होती.

प्रत्येक स्थलांतर इतके सुखाचे नव्हते. २०११ च्या सुमारास बर्लिनमध्ये सुरू झालेल्या 'ट्रॅव्हिस सीआय'ने मुक्त प्रकल्पांना आपली यंत्रे फुकट दिली. स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची दगदग संपली. असंख्य लहान प्रकल्प तिथे वस्तीस गेले. २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली, २०२० च्या अखेरीस फुकट वापरावर मर्यादा आल्या आणि २०२१ मध्ये मुक्त प्रकल्पांचे ते जुने संकेतस्थळ मिटले. बहुतेकांनी 'गिटहब ॲक्शन्स'कडे मोर्चा वळवला; ती सेवा २०१९ मध्ये सर्वांना खुली झाली होती आणि तिची मालकी २०१८ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. जानेवारी २०२३ मध्ये 'सर्कल सीआय' या सेवेत घुसखोरी झाली तेव्हा ग्राहकांना तेथे ठेवलेल्या साऱ्या किल्ल्या बदलण्यास सांगावे लागले. जी पाइपलाइन आपला माल जगाकडे नेते तिच्या हाती आपल्या तिजोरीच्या चाव्याही असतात, हे त्या वेळी अनेकांना नव्याने उमगले.

आता मराठीकडे येऊ. पुण्यातील रेड हॅटच्या भाषातंत्रज्ञांनी सांभाळलेले 'लोहित' टंक, मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' टंक, हे सारे मुक्त परवान्यांचे सॉफ्टवेअरच आहे. टंकातही बदल होतात, ते मिसळले जातात, तपासले जातात. 'फॉन्टबेकरी'सारखी साधने टंकावर शेकडो चाचण्या आपोआप चालवतात. पण चाचणी तेवढेच पाहते जेवढे तिला विचारले असेल. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी घ्या. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र. एक शब्द गुरूचा, दुसरा स्वयंपाक्याचा. हिंदीच्या लेखनाला हा भेद लागत नाही. मराठीचा तो जीव आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचीही तीच कथा.

ल आणि श यांचे असेच आहे. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श मान्य केला. एकाच टंकात मराठीची आणि हिंदीची रूपे ठेवता येतात. मजकूर मराठी असल्याची खूण असेल तर योग्य रूप उमटते. ती खूण एखाद्या बदलात गळून पडली तर यंत्र तक्रार करणार नाही. अक्षर दिसते आहे, मग चुकले काय? चुकले ते मराठी वाचकालाच कळते, आणि त्या पाइपलाइनीवर मराठी वाचक बसवलेला नसतो.

म्हणून अवजाराच्या निवडीचे निकष आम्ही असे मांडू. पहिला : तपासणीची कृती साध्या मजकुरात, प्रकल्पाच्या आपल्याच कोठारात लिहिलेली असावी. जेंकिन्सने २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा मार्ग पुढे आणला, गिटलॅब आणि गिटहब यांचीही पद्धत तीच. पण प्रत्येकाची बोली निराळी असते. तेव्हा खरे काम स्वतंत्र आज्ञापत्रात ठेवावे आणि सेवेच्या बोलीत केवळ त्याला हाक मारावी. मग घर बदलणे जड जात नाही. दुसरा : उत्तर काही मिनिटांत यावे, कारण उशिरा आलेले उत्तर कोणी वाचत नाही. तिसरा : किल्ल्या कमीत कमी द्याव्यात, आणि त्या बदलता याव्यात. चौथा : स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर तो सांभाळणारे माणूस हवे, ते नसेल तर भाड्याची सेवा बरी, मात्र ती उद्या मिटेल हे धरून चालावे. दोघातिघांच्या मराठी प्रकल्पाला बहुधा भाड्याचीच सेवा परवडेल, आणि त्यात गैर काही नाही.

या साऱ्या निकषांच्या आधी मात्र एक प्रश्न उरतो : चाचण्या कोण लिहिणार? शहापूर तालुक्यातून मुंबईकडे शतकाहून अधिक काळ पाणी वाहते आहे, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. नळ दारावरून जातो, तोंड दुसऱ्या गावी उघडते. नळ कोणत्या धातूचा याने त्यात फरक पडत नाही; तोंड कोठे असावे हे ठरवताना पाड्यावरचे कोणी हजर होते की नाही, याने पडतो. मराठी ज्या यंत्रांतून आज वाचकापर्यंत पोहोचते तिथे 'आचाऱ्यास' या शब्दाची एक ओळ चाचणीत लिहिलेली असेल, तर तो शब्द पुढील प्रत्येक बदलात तपासला जाईल. ती ओळ लिहिण्यास प्रोग्रामिंग यावे लागत नाही. अर्धा र, अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ यांची जाण लागते. ती जाण मराठी विभागांत आहे. पाठभेद टिपण्याचे शिक्षण आपण विद्यार्थ्यांना देतोच. त्यांच्याकडून अशा शब्दजोड्यांच्या याद्या करवून घ्याव्यात आणि त्या मुक्त टंकांच्या प्रकल्पांकडे पाठवाव्यात, असे आम्ही सुचवतो. एका सत्रात एका वर्गाला शंभर जोड्या सहज जमवता येतील.