अंगठा द्या, आजोबा

१९७१ साल असेल. मी दहा वर्षांची. आजोबांबरोबर तालुक्याच्या गावी बँकेत गेले होते. कोरेगावच्या बाजूला आमचं किराणा दुकान होतं आणि रोजकीर्द-खतावणी आजोबा स्वतः लिहायचे, मोडीत. बँकेच्या फॉर्मवर त्यांनी सही केली. आधी आडवी रेघ ओढली आणि मग तिला अक्षरं टांगत हात न उचलता एका दमात शेवटाला गेले. पलीकडच्या कारकुनाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हे चालायचं नाही. अंगठा द्या, आजोबा."

आजोबांनी अंगठा दिला. बाहेर येऊन बराच वेळ ते धोतराच्या सोग्याला शाई पुसत होते. घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

पुढे मी महसूल खात्यात लिपिक झाले आणि नोकरीची बरीच वर्षं अभिलेख कक्षात काढली. तिथे लाल-पांढऱ्या कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, असायचे. मी त्यांची धूळ झटकायची, अनुक्रमांक लिहायची, पण आत काय आहे ते मला वाचता यायचं नाही. मी मराठीत पदवी घेतलेली बाई, आणि माझ्याच जिल्ह्याचे मराठी कागद माझ्यापुढे मुके! चाळिशी उलटल्यावर पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गाला बसले. पहिल्या दिवशी कित्ता गिरवताना आजोबांचा हात आठवला.

ज्यांनी मोडी पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पानभर रेघा आधीच आखून घ्यायच्या. बोरू शक्यतो उचलायचा नाही. ह्रस्व-दीर्घाची फिकीर नाही, विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागाही नाही. वाचणाऱ्याने आधी वाक्य ओळखायचं आणि मग शब्द तोडायचे. सन लिहायचा तर सलास, अर्बा, खमस असे अरबी आकडे. तारखेआधी चंद्राचा 'छ'. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या पत्रात 'ध'चा 'मा' झाला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती खरी की रचलेली हा वाद निराळा, पण ती इतकी वर्षं टिकली याचं श्रेय मोडीच्या वळणालाच आहे. यादवांचे प्रधान हेमाडपंत यांनी ही लिपी आणली असं परंपरा सांगते. ते कसंही असो, इंग्रजांपर्यंत राज्यं बदलली, तरी मराठी दप्तर बहुतेक मोडीतच राहिलं.

म्हणजे मराठी माणसाला दोन अक्षरओळखी होत्या. पोथी बालबोधीत, व्यवहार मोडीत. बालबोध म्हणजे पोरालाही कळेल अशी, सुटी-सुटी अक्षरं. एकच माणूस सकाळी ज्ञानेश्वरी वाचायचा बालबोधीत आणि दुपारी उधारी मांडायचा मोडीत. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

हे बिघडलं छापखान्याने. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० साली मराठी कोश काढला तो मोडी टायपात, तेव्हा मोडी छापता येत नव्हती असं मुळीच नाही. पण मोडीची सगळी मजा हाताच्या ओघात. शिशाचा खिळा मात्र एकटा उभा राहतो. तोडून-तोडून जुळवलेली मोडी ना वेगाची राहते ना डोळ्यांना बरी दिसते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा त्यातली मराठी बालबोधीत होती. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने इतका देखणा देवनागरी टाइप पाडला की निकाल लागल्यातच जमा होता. १८८१ला 'केसरी' आला तोही त्याच अक्षरांत.

मग या अक्षरांना देश चिकटला. १९०५च्या डिसेंबरात बनारसला नागरी प्रचारिणी सभेत टिळकांचं भाषण झालं. एक राष्ट्र व्हायचं तर एक भाषा हवी, आणि त्याची पहिली पायरी म्हणून एक लिपी हवी, ती रोमन नव्हे तर देवनागरी, असं त्यांनी मांडलं. त्यांची पिढी मोडीत पत्रं लिहीत वाढलेली. आपण कशावर पाणी सोडतो आहोत हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. हिंदी प्रांतांशी, बंगालशी बोलायचं तर घरची धावती लिपी कामाची नव्हती, एवढाच हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

गंमत अशी की त्याच काळात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे मोडी कागदांसाठी वणवण करत होते. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' मालेचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं. एकूण २२ खंड झाले, सगळे बालबोधीत छापलेले. मराठ्यांच्या ज्या इतिहासावर आपली छाती फुगते, तो आपण असा दुसऱ्याने लिप्यंतर करून दिलेला वाचला.

मात्र मोडीसाठी फार गळाही काढवत नाही. रुमालातले जुने कागद वाचायला लागले तेव्हा शेवटच्या ओळीवर डोळा अडकायचा: निशाणी नांगर. कुणब्याची सही म्हणजे नांगराचं चित्र, बाईची बांगडी, वाण्याचा तराजू. शेजारी 'बिकलम' आणि लिहिणाऱ्याचं नाव. नांगर काढणाऱ्याला वर काय लिहिलंय ते कळत नसे, बिकलमवाल्याला कळे. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात कुलकर्ण्याच्या लेखणीवर ओढलेले फटके उगीच नाहीत. छापील बालबोधीने ती लेखणी बोथट केली. नांगरवाल्याचा नातू शाळेत जाऊन वर्तमानपत्र वाचू लागला. माझ्या आजोबांचा अंगठा घेतला गेला तो त्याच खात्यातून, असं मी मनाशी धरते. तरी राग येतो.

वडिलांच्या शाळेत मोडीचा कित्ता होता, माझ्या शाळेत नव्हता. एका पिढीत लिपी गेली.

२०२३च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाडा, मग सगळा महाराष्ट्र. जन्ममृत्यूची कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, जुनी खासरापत्रकं बाहेर निघाली. बरीच मोडीत, मराठवाड्यात उर्दूतही. आणि वाचणार कोण? निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या मला निरोप आला. टेबलाशी बसले की समोर माणसं उभी असायची. पणजोबाच्या नावापुढचा 'कु.' वाचून दाखवला की कोणी पाया पडू लागे. नसेल तर "मॅडम, नीट बघा ना" म्हणे. आरक्षणाचं काय व्हावं ते मी सांगणारी कोण! पण माझ्या लहानपणी ज्या वळणाला कोणी सही मानलं नाही, त्याच वळणावर आता तरण्या पोरांचं आयुष्य अडलं होतं. रांगेतल्या एकानेही ते अक्षर पूर्वी पाहिलं नव्हतं.

२०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, मोबाइलवरही ती उमटू शकते. आमच्या घरी मात्र आजोबांची एकच खतावणी उरली आहे. बाकीच्या ते गेल्यावर रद्दीत गेल्या, आणि तेव्हा मीही अडवलं नाही. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असा रेघांना टांगलेला मजकूर निघाला तर चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. धुतलेल्या सुती फडक्यात बांधा, आणि वाचणारी आम्ही थोडी माणसं अजून आहोत तोवर दाखवायला घेऊन या.